घरीच तर करता!

गुलाबी फेट्यांचे फोटो आता पुरे झाले. महिला दिनाचा आठवडा सरला तरी ते अजून येतच आहेत. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि ‘महिला उद्योजकता विकास कार्यशाळा’ लिहिलेल्या फ्लेक्ससमोर ओळीत उभ्या केलेल्या बायका. मधोमध चार पुरुष. त्या चौघांबद्दल आज काही बोलत नाही. फ्लेक्सवर कुणाचं डोकं केवढं असावं यावर या जागेत माझं इतकं लिहून झालंय की वाचकांनीच ‘आता फ्लेक्स सोडा’ असं कळवलं. सोडला. यंदाचा राग पुरणपोळीवरून आहे.

अशाच एका कार्यशाळेत, तालुक्याच्या गावी, मला बोलायला बोलावलं होतं. विषय दिला होता, ‘आपल्या मालाची किंमत कशी ठरवावी’. होळी नुकतीच होऊन गेलेली, म्हणून जेवणात पुरणपोळी ठेवलेली. गावातल्याच एका बाईंकडे दीडशे पोळ्यांची ऑर्डर. त्याही कार्यशाळेत नाव नोंदवलेल्या. पोळ्या पोचवून मागच्या रांगेत वही उघडून बसल्या होत्या. मधल्या सुट्टीत संयोजकांपैकी एक गृहस्थ त्यांच्याशी बोलत होते. मी चहाच्या टेबलाशी, त्या औषधाच्या मापाएवढ्या कागदी कपात चहा शोधत उभा.

‘ताई, पस्तीस जरा जास्तच लावलेत. घरीच तर करता.’

ताई हसल्या. म्हणाल्या, ‘बघा दादा, काय ते द्या.’

दादांनी बघितलं. पंचवीस. आणि तेही ‘आपलं नंतर बघू, आज जरा गडबड आहे’. व्यासपीठावरच्या पडद्यावर माझीच स्लाइड अजून झळकत होती, तीत नफ्याची व्याख्या होती.

‘बजेट नाही’, ‘तुमचीच जाहिरात होते की’, ‘समाजकार्य समजा’, हीही कारणं दिवसभरात कानावर आली. ती जुनी आहेत, जाऊ देत. पण ‘घरीच तर करता’ हे कारण मला घरी येईपर्यंत चावत राहिलं, कारण ते देणाऱ्याला आपण कारण देतोय असं वाटतच नाही. आपण व्यवहारातली एक साधी गोष्ट तिच्या लक्षात आणून देतोय, असा त्याचा चेहरा असतो.

तर बघू, घरी काय करतात. दीडशे पोळ्या म्हणजे पाचेक किलो हरभऱ्याची डाळ आणि जवळपास तेवढाच गूळ. डाळ आदल्या दिवशी निवडायची, भिजवायची, शिजवायची, कट काढायचा. गूळ घालून पुरण आटवायचं, आणि उलथनं उभं राहीपर्यंत समोरून हलायचं नाही, नाहीतर खाली लागतं. मग ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, कारण गार झालं की दांडा फिरत नाही. वेलची, जायफळ. कणीक सैल भिजवून तेल लावून तिंबत राहायचं. मग पहाटे तीनला उठून तवे चढवायचे. पुरण कडेपर्यंत पोचलं पाहिजे, पोळी फुटता कामा नये. दोन तवे ठेवले आणि जोडीला लाटायला जाऊ उभी राहिली, तरी दीडशेला तीन तास कुठे गेले नाहीत. त्यानंतर पोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पसरून निववायच्या, भरायच्या, रिक्षा बघायची, आणि दहाच्या आत कार्यशाळेत येऊन उद्योजकता शिकायची. कटाची आमटीही त्यांनी आणली होती, मोठं पातेलं भरून. ती बिलात नव्हतीच. दादांनी दोन वाट्या घेतली.

हे सगळं घरीच केलं, बरोबर. म्हणजे भाडं लागलं नाही, असं दादांचं म्हणणं. घर मात्र बाईंना कुणी फुकट दिलेलं नसतं. त्या दिवसापुरतं त्या घरात इतर कुणाला स्वयंपाकघर वापरता आलं नाही, मुलाचा डबा शेजारणीने दिला. गॅसचं तर आणखी वेगळं. कायद्याने धंद्यासाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. म्हणजे सरकारच्या लेखी ती धंदा करते आणि गिऱ्हाइकाच्या लेखी घरीच तर करते. दोन्हीकडून पैसे तिचेच जातात.

हा न्याय आपण आणखी कुणाला लावतो का, ते आठवून पाहिलं. वकील साहेबांचं ऑफिस बाहेरच्या खोलीत असतं, आतून फोडणीचा वास येत असतो. ‘साहेब, घरीच तर सल्ला देता’ असं म्हणून फी कमी केल्याचं ऐकलं नाही. डॉक्टर खाली दवाखाना आणि वर घर बांधतात, तिथे आपण उलट ‘डॉक्टर वरच राहतात, बरं आहे’ म्हणतो. २०२० मध्ये देशभरचे आयटीवाले पायजम्यावर स्वतःच्या पलंगावर बसून काम करू लागले. त्यांच्या कंपन्यांनी पगार अर्धा करून ‘घरीच तर करता’ म्हटलं असतं, तर ट्विटर पेटलं असतं. म्हटलं नाही, उलट काही ठिकाणी खुर्चीला आणि इंटरनेटला पैसे दिले. आणि महामार्गावर ‘घरगुती जेवण’ अशी पाटी लावलेलं हॉटेल बघा. तिथे थाळी शेजारच्या ढाब्यापेक्षा महाग असते, कारण चव घरगुती! चव घरची असेल तर भाव चढतो आणि बाई घरची असेल तर उतरतो, हे गणित मांडून दाखवणारा अर्थशास्त्रज्ञ मला अजून भेटायचा आहे.

मधुर वाणीने बोलणारे लोक याला आपलेपणा म्हणतात. ‘आपल्याच वहिनी आहेत, घरचंच कार्य समजा.’ घरचं कार्य समजायचं तर मांडववाल्यानेही समजायला हवं होतं. त्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले. फ्लेक्सवाल्याने रोख मोजून घेतल्याशिवाय गुंडाळी हातात दिली नाही (फ्लेक्स पुन्हा आलाच, माफ करा). साउंडवाला निघताना माइक आणि पाकीट दोन्ही घेऊन गेला. दिवसभरात ‘नंतर बघू’ हे वाक्य एकीलाच ऐकावं लागलं. माझं मानधन तर सत्र संपायच्या आधीच आलं, शालीच्या घडीत ठेवून. शाल नको म्हणायचं मी कधीचं सोडून दिलंय, लोक दुखावतात. पाकीट परत द्यावं असं मनात आलं नाही, हे सांगून टाकतो.

घरी बसून केलेल्या कामाला दाम मिळत नाही, असा काही निसर्गनियम नाही. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जत उभं राहिलं. त्यांची पद्धत साधी आहे. केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, पापड घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. लाटणारी संस्थेची मालकीणही असते. पापड घरीच होतात! पण तिथल्या हिशेबात घर हे कामाचं ठिकाण धरलेलं आहे, भावात सूट द्यायचं निमित्त धरलेलं नाही. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाचे मेसेज पुढे ढकलले होते. दादांनीही ढकलला असेल.

‘नंतर बघू’चा इतिहास त्याहून कडू आहे. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया महिनाभर उधारीवर वाढत आणि पगार झाला की पैसे घेत. मधल्या दिवसांत त्यांचं वाण्याचं बिल थांबत नसे, म्हणून सावकार. भांडी, दागिने सगळं त्याच्याकडे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. म्हणजे जेवणारा उशिरा पैसे देणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि त्या उशिराचं व्याज वाढणारीने भरायचं. पंचवीस रुपयांच्या पोळीत ते व्याज कुणीच मोजत नाही.

आता कायदा आहे, असं कुणी सांगेल. आहे ना. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो की लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्या. करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही चिमटा आला: अशा छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर धंदेवाल्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. यासाठी बाईंची ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. तरी त्याच कार्यशाळेच्या दारात एक टेबल टाकून ‘उद्यम काढून मिळेल’ म्हणून पैसे घेणारा तरुण बसला होता. त्यालाही रोख मिळत होतं.

पण बाईंनी दादांवर चक्रवाढ व्याजाचा दावा लावायचा? गावात राहायचंय त्यांना. पुढच्या महिन्यात दादांच्या पुतण्याची मुंज आहे, त्याची ऑर्डर यायची आहे. कायदा दिल्लीत बरोबरच लिहिलाय, त्यात फक्त मुंजीची सोय केलेली नाही.

बाईंचंही ‘काय ते द्या’ मला खटकलंच. दुपारी मी सगळ्यांना खर्चाचा तक्ता भरायला दिला. डाळ, गूळ, तूप, गॅस, रिक्षा हे पैशापैशाने आलं. गव्हाच्या दळणाचे पैसेही कुणी विसरलं नाही. मजुरीचा रकाना बहुतेकींनी कोरा सोडला. पोळीवाल्या बाईंनी तिथे आकडा न घालता लिहिलं होतं, ‘मीच करते’.

याला हिशेब येत नाही म्हणणं मूर्खपणा होईल. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली तेव्हा त्या अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला होता. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, असं आव्हान देऊन आल्या. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. तेव्हा आकडेमोडीची अडचण नाही. अडचण अशी आहे की, सरकारच्याच २०२४ च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ८८. पावणेपाच तासांहून जास्त वेळ जिथे रोज कुणी मोजत नाही, तिथे तव्यापुढचे आणखी तीन तास ‘मीच करते’मध्ये सहज मिसळून जातात. दादांनी नवीन काही केलं नाही. घरात जो भाव चालतो तोच त्यांनी बाहेर लावला.

घासाघीस करू नये, असं माझं म्हणणं नाही. करावी. पोळी जाड आहे म्हणा, पुरण कमी आहे म्हणा, गूळ कडसर लागतो म्हणा. माणसं बोलवा, चव दाखवा, भांडा. फक्त ती पोळी कुठल्या छपराखाली लाटली यावरून भाव करू नका. आणि ठरलेला भाव त्याच दिवशी द्या. एवढं केलं तर शाल, फेटा, ट्रॉफी काही दिलं नाही तरी चालेल. अर्थात हे छापून आल्यावर दादा मला फोन करून ‘सर, छान लिहिलंत’ म्हणतील, कारण लेखातले दादा म्हणजे दुसरेच कुणीतरी असतात.

संयोजकांनी पुढच्या वर्षीसाठी सूचना मागितल्या आहेत. एक सत्र वसुलीवर ठेवा आणि त्याला कुठल्याही मासळीबाजारातली कोळीण बोलवा. तिच्याशी अख्खं गाव घासाघीस करतं. पण ‘समुद्रातूनच तर आणता’ म्हणून पापलेट स्वस्तात मागायची कुणाची टाप नसते, आणि पिशवी हातात घेतल्यावर ‘नंतर बघू’ म्हणायची तर नाहीच. मानधन मात्र आधी ठरवून घ्या. स्टेजवर चढायच्या आधीच ती ते मागेल, आणि तेव्हा जरा गडबड आहे असं तिला सांगून बघा.