शेपटीची आग आणि कागदावरची टीप



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, सुंदरकांड, सर्ग ५२ आणि ५३.

हनुमंताला बांधून दरबारात आणलंय. रावण म्हणतो, मारा याला. बिभीषण मध्ये पडतो : हा दूत आहे, दूताचा वध करायचा नसतो. फार तर फटके, मुंडण, विद्रूप करणं एवढंच शास्त्रात बसतं. रावणाला तेवढं पुरतं. वध नाही ना? मग शेपटी पेटवा! नियमही पाळला आणि आगही लावली.

लहानपणी इथे आम्ही टाळ्या वाजवायचो. या वेळी मात्र अडखळले, कारण सध्या मी ग्वांतानामोच्या कैद्यांबद्दलचे अमेरिकन सरकारी कागद वाचतेय.

७ फेब्रुवारी २००२ चा राष्ट्राध्यक्ष बुश यांचा आदेश सांगतो : अल कायदाला जिनिव्हा करार लागू नाहीत, आणि तालिबानचे लोक युद्धकैदी नव्हेत, ‘बेकायदा लढवय्ये’. वागणूक माणुसकीची द्या, पण करारांची तत्त्वं लष्करी गरजेत बसतील तेवढीच. त्याच वर्षी २ डिसेंबरला संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी चौकशीच्या काही पद्धती मंजूर केल्या. त्यांत कैद्याला जास्तीत जास्त चार तास उभं ठेवणं होतं. सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : मी दिवसाला आठ-दहा तास उभा असतो, मग इथे चारच का?

ही टीप माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःच्या मर्जीने उभं राहणं आणि कुणीतरी उभं ठेवणं, यातला फरक त्या हाताला दिसलाच नाही. मंजुरी जानेवारी २००३ मध्ये मागे घेतली गेली. २९ जून २००६ ला तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जिनिव्हा करारांतलं किमान माणुसकीचं कलम ३ अल कायदाविरुद्धच्या लढाईतही लागू आहे.

म्हणजे शिक्का महत्त्वाचा नाही का? आहे. ‘दूत’ या एका शब्दानेच हनुमंताचा जीव वाचला. कायदा हवाच. पण कायदा ही जमीन आहे, तिच्याखाली जायचं नाही. आपण मात्र तिथे खणत बसतो : नेमकं कुठपर्यंत चालतं?

आता युद्धकांडातले शुक आणि सारण आठवा. रावणाचे हेर, वानरांचा वेष घेऊन आलेले, बिभीषणाने पकडून दिलेले. त्यांनी जगायची आशा सोडली होती. रामराया हसला, म्हणाला, पाहायचं राहिलं असेल तर पाहून जा. आणि सोडून दिलं. रावणाने विचारलं, याचं काय करता येईल? रामाला त्यांच्याशी काय करता येईल यापेक्षा आपण कोण आहोत हे जास्त ठाऊक होतं.

आता माझी कबुली. गेल्या दिवाळीत ऑफिसच्या हाउसकीपिंगच्या दादांना बोनस का नाही, यावर मेल मीच टाइप केला होता : ‘ते आपल्या स्टाफमध्ये येत नाहीत.’ वाक्य शंभर टक्के बरोबर. रोज सकाळी माझा चहा तेच आणून देतात.

चित्रगुप्ताच्या वहीत तो मेल असणारच. माझी टीपही.

आजचा संकल्प : ‘तो यात बसत नाही’ असं म्हणण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट पाहायचं. दादांशी मी उद्या बोलणार आहे.

जय जय रघुवीर समर्थ!