पंधरा आणि पन्नासच्या मधली

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यातून १९८३ साली राजदूत ३५० ही मोटारसायकल रस्त्यावर आली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, पेट्रोल ढोसणारी. तेव्हा गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. आज तिचेच वेडे तिच्या पिस्टनसाठी, कार्ब्युरेटरसाठी दिल्लीतलं करोल बाग पालथं घालतात. बरं, गाडी जिवंत केली; चालवायची कुठे? दिल्ली परिसरातली १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. आणि २०२१ च्या नियमाने ‘विंटेज’ नोंदणीला वय हवं ५०. मधली ३५ वर्षं तिने काय झाकून बसायचं? दिल्लीचा धूर खरा आहे, खोकणारी पोरंही खरी. तरी रोज धावणारी गाडी आणि महिन्यातून एकदा किक खाणारी राजदूत एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.