बुडवायचे ते कोणाचे?



तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकला आहे. घरी वाण्याचा धंदा, महाजनकी, सावकारी. लोकांकडे येणे होते, त्याची खते होती. महाराजांनी ती इंद्रायणीत बुडवली. ऐकताना आपले मन त्यागाने भरून येते, आणि त्यातली एक बारीक गोष्ट निसटून जाते. परंपरा सांगते की महाराजांनी आधी खतांचे दोन वाटे केले. निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांच्या हाती दिली. उरलेली, म्हणजे केवळ आपल्या वाट्याची, तेवढी डोहात सोडली.

विचार करा. वैराग्य एवढे तीव्र की संसारावर पाणी सोडले. पण भावाच्या वाट्यावर पाणी सोडले नाही. दुसरे असे, की बुडवले ते आपले येणे. कोणाचे देणे बुडवले नाही. येणे सोडणे हा त्याग. देणे सोडणे ही लबाडी. दोन्हींना मराठीत ‘बुडवणे’ हा एकच शब्द आहे, म्हणूनच घोटाळा होतो. व्यापाराचा धर्म कोणता, या प्रश्नाचे उत्तर मला या एका भेदात दिसते.

आता आपल्या रायगडच्या किनाऱ्याकडे या. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. देशाचा केवढा तरी माल आज तिथून ये-जा करतो. त्या भागातल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, पाच जणांनी प्राण दिले, आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्यातून आला. एवढे सोसावे लागले, तरी शेतकऱ्याजवळ निदान सातबारा होता. कागदावर नाव होते.

खाडीला सातबारा नसतो, माउली. कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर जगला, पण ते पाणी त्याच्या नावावर कधीच नव्हते. भराव पडला, तिवरांची झाडे गेली, भरती-ओहोटीच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या. तिवरांच्या मुळांशी मासळीची पिल्ले वाढतात. मुळेच गेली तर जाळ्यात काय येणार? कोणाची जमीन घेतली नाही, कोणाचे घर पाडले नाही, असे यावर सहज म्हणता येते. पण वाटा बुडाला होता.

उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी तो वाटा राष्ट्रीय हरित लवादापुढे मागितला. फेब्रुवारी 2015 मध्ये पुण्याच्या पीठाने निवाडा दिला : बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी. भागाकार केला तर घरामागे सुमारे 5 लाख 84 हजार. निवाड्यानंतरही कोर्टकचेऱ्या संपल्या नाहीत. पण जे पाणी कोणाच्या नावावर नव्हते, त्यातही माणसाचा वाटा असतो आणि तो बुडवला तर भरून द्यावा लागतो, हे तिथे लिहिले गेले.

इथे एखादा माळकरी मनात म्हणेल, आपण मासळीला शिवत नाही, आपल्याला त्याचे काय? शंका प्रामाणिक आहे. पण त्या कोळीवाड्यांतही आषाढीला होड्या किनाऱ्याला लावून पंढरीची वाट धरणारी माणसे आहेत. आणि संतांनी माणसाच्या कष्टाचे मोल केले आहे. सावता महाराजांना अरणच्या मळ्यातच विठ्ठल भेटला. उद्या तो मळा कोणी पाण्याखाली घातला, तर बुडेल ते फक्त भाजीपाल्याचे वाफे का?

आता दुसरी बाजूही पाहू. बंदर आले म्हणून रस्ते झाले, पोरांना नोकऱ्या लागल्या, ट्रक घेऊन कित्येक घरे वर आली. हे खोटे नाही. नफा हे पाप नव्हे. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि अलिप्त मनाने खर्चावे, हे तुकोबांचेच सांगणे आहे. मात्र त्यात व्यवहार आधी येतो, खर्च नंतर. आज हा क्रम उलटा होतो. व्यवहार कसाही करा, मग थोडा खर्च चांगल्या कामावर करा, म्हणजे फिटले.

2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आहे. ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. चांगली तरतूद आहे. शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना यातून झाल्या. पण त्याच्या नियमांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या कोणत्याही कायद्याने जे करणे भागच आहे, ते या 2 टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च किंवा नुकसानभरपाई हे समाजकार्य म्हणून दाखवता येत नाही. ते देणे आहे. कायद्यानेही दान आणि देणे यांची वही वेगळी ठेवली. आपण तर संतांची लेकरे, आपण ती एक करावी?

मग कोणी विचारतो, कंपनीला ना देह ना आत्मा, तिथे पाप लागते कोणाला? वाल्याची कथा आठवा. लुटीवर घर चालत होते. वाटा सगळे घेत होते. पण पापात वाटेकरी व्हाल का, असे विचारले तेव्हा घरचे एकही माणूस पुढे आले नाही. कंपनीतही नफ्याचे वाटेकरी पुष्कळ. दोषाचा प्रश्न निघाला की साहेब वरच्याकडे बोट दाखवतो, वरचा संचालक मंडळाकडे, मंडळ भागधारकांकडे. त्याच कायद्याचे कलम 166 संचालकाला सांगते की भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहा. पण कलम सहीपर्यंत पोहोचते, मनापर्यंत नाही. सही करणारा हात मात्र एका जिवंत माणसाचाच असतो, आणि त्या माणसाला रात्री झोपताना हरीचे नाव घ्यायचे असते.

हे फक्त मोठ्यांना लागू आहे असे समजू नका. आपल्यातले कित्येक जण बंदराच्या गोदामांना माणसे पुरवणारे ठेकेदार आहेत, दुकानदार आहेत, रेती-खडीचे व्यवहार करणारे आहेत. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला आणि भरलाच नाही, तर तो पैसा कोणाचा? त्याच पैशातून दिंडीला एक दिवसाची पंगत घातली, तर पुण्य कोणाच्या खात्यावर? जेवण त्या मजुराने घातले, माउली. नाव आपले लागले.

म्हणून दिंडीच्या वाटेवर एखाद्या कारखान्याचा पाण्याचा टँकर उभा दिसला तर तो परतवू नका. तहानलेल्याला पाणी देणारा हात नाकारू नये. पाणी प्या, राम कृष्ण हरी म्हणा, आणि विणेकऱ्याने नाही तर टाळकऱ्याने, कोणीतरी एकाने हात जोडून विचारावे : तुमच्या शेजारच्या गावातल्या विहिरीचे पाणी कसे आहे? तिथली माणसे तुमच्याकडे काही मागत आहेत का? प्रश्नात राग नको, उपहास नको. ज्याने प्रामाणिकपणे देणे चुकवले आहे त्याला उत्तर देताना आनंदच होईल. ज्याने चुकवले नाही, त्याला त्या रात्री झोप लागली नाही तर तीही पांडुरंगाचीच कृपा.

महाराजांनी डोहात सोडले ते आपले. दुसऱ्याचे त्याच्या हाती दिले, आणि मगच मोकळे झाले. धंदा लहान असो की बंदराएवढा, मोकळे होण्याची वाट तीच आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!