मागून येणारा प्रवासी

जो आपणांस पुन्हा कधी भेटणार नाही, ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही, अशा मनुष्याचे आपण काही देणे लागतो काय? घरी बसून या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे. ‘अर्थातच लागतो’ असे कोणीही सज्जन गृहस्थ म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. परंतु गेल्या वर्षी विलायतेतील एका कालव्यावर केलेल्या नौकाप्रवासाच्या अखेरीस हा प्रश्न आमच्यापुढे निराळ्याच रूपाने उभा राहिला, व त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर सज्जनाचे नव्हते. ती हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमचे ज्येष्ठ बंधू बर्मिंगहॅम येथे नोकरीस आहेत. त्यांनी व वहिनींनी सुट्टीसाठी वेल्समधील लँगॉलेन कालव्यावर एक लांब, अरुंद नौका आठवडाभर भाड्याने घेतली होती. ट्रेव्हर या गावाहून निघून इंग्लंडच्या हद्दीतील एल्झमिअरपर्यंत जावयाचे व त्याच वाटेने परतावयाचे, असा बेत होता. नौकेची गती माणसाच्या चालण्याइतकीच. वाटेत न्यू मार्टन येथे दोन लॉक लागतात. लॉक म्हणजे जणू पाण्याची पायरी. दोन्ही टोकांस दरवाजे असलेल्या हौदात नौका घ्यावयाची, झडपा उघडून पाणी भरावयाचे किंवा सोडावयाचे, की नौका वर चढते किंवा खाली उतरते. हे सारे प्रवाशांनीच आपल्या हातांनी करावयाचे असते. पुढे निघण्यापूर्वी झडपा पाडून दरवाजे लावावयाचे, हा तेथील रिवाज. हौद एकदा भरावयास लाख लिटरहून अधिक पाणी लागते. उघड्या झडपेतून ते व्यर्थ वाहून जाते, आणि मागून येणाऱ्यास आपले काम करण्यापूर्वी दुसऱ्याचे निस्तरावे लागते.

जाताना आमच्यापूर्वी गेलेल्या कोणी खालच्या दरवाजाची झडप अर्धी उघडी टाकली होती. कितीही पाणी सोडले तरी हौद भरेना. कारण कळताच आम्ही त्या अज्ञात मनुष्यास बेपर्वा म्हटले, स्वार्थी म्हटले, आणि वहिनींनी आवरले नसते तर आणखीही काही म्हटले असते.

परतीच्या संध्याकाळी त्याच ठिकाणी पाऊस कोसळत होता. नौका वरच्या लॉकमधून बाहेर पडली. दादा सुकाणूवर होते, दरवाजाचे काम आमच्याकडे होते. दरवाजाची ओली तुळई दोनदा रेटून पाहिली, ती जड गेली. आसपास कोणी नव्हते. आतून चहाचा वास येत होता. आम्ही तसेच धावत जाऊन नौकेवर चढलो. ‘काय रे, दार लावलेस ना?’ दादांनी विचारले. ‘होय’, आम्ही म्हणालो.

त्या रात्री चर्क गावाजवळ नौका बांधून आम्ही ती लख्ख केली. शेगडी घासली, फरशी पुसली, भांडी मोजून जागेवर लावली. सकाळी नऊपूर्वी नौका परत द्यावयाची होती. मालक ती तपासणार व मगच अनामत रक्कम परत करणार. फरशी पुसतापुसता मनात आले, जे उद्या कोणी पाहणार आहे ते आम्ही एवढ्या काळजीने करीत आहोत, आणि जे कोणी पाहणार नाही ते पावसात टाकून आलो आहोत. लहानपणी वडील सांगत, विहिरीवर कळशी भरून झाली की दोर नीट गुंडाळून ठेवावा. तेथे ते सोपे होते. दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर आम्हांसच जावयाचे असे.

पहाटे निघून पॉन्टकसल्तेच्या जलसेतूवर आलो. डी नदीच्या पात्रापासून सुमारे 38 मीटर उंचीवर, 18 दगडी खांबांवर ठेवलेल्या लोखंडी नळीसारख्या उघड्या पन्हळीतून तेथे नौका जाते. टेलफर्ड व जेसप या स्थापत्यकारांच्या देखरेखीखाली बांधला जाऊन तो 1805 साली खुला झाला. पुढे व्यापार आटला. 1944 च्या कायद्याने या कालव्यावरील नौकानयनाचा हक्क संपला. तरी त्यातून वाहणारे पाणी खालच्या प्रदेशास हवे होते, म्हणून पात्र राखले गेले. मागाहून हौशी नौकावाले आले, आणि 2009 साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. त्या खांबांचे दगड ज्यांनी उचलले, त्यांनी आम्हांस पाहिले नव्हते. त्यांनी काम मजुरीसाठी केले हे खरे. पण काम कच्चे सोडले असते तर आज आम्ही तेथून गेलो नसतो. न पाहिलेल्या माणसांच्या पूर्ण केलेल्या कामावरून आम्ही चाललो होतो, आणि मागे एक काम अपुरे टाकून आलो होतो.

ट्रेव्हरला नौका तपासली गेली, अनामत पुरी परत मिळाली. रुआबॉनहून बर्मिंगहॅमची गाडी धरली. चर्क येथे रेल्वेचा पूल 1801 सालच्या जलसेतूस अगदी लागून, त्याहूनही उंच जातो. खाली पाहतो तो एक नौका सेतूवरून आमच्याच कालच्या दिशेने येत होती. बहुधा ती न्यू मार्टनहूनच आलेली असावी. सुकाणूवरच्या वृद्ध गृहस्थांनी गाडीकडे पाहून हात हलविला. आमचा हात आपोआप वर गेला, आणि अर्ध्यावरच थांबला.

‘दादा, काल दार लावले नव्हते’, आम्ही म्हणालो.

दादा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, ‘मग कोणीतरी लावले असेल.’

ते कोण, हे आम्हांस कधीच कळणार नाही. त्याची क्षमा मागण्याची सोय नाही, त्याचे ऋण त्यास फेडण्याचीही नाही. प्रवासाचा शेवटचा दिवस म्हणूनच कठीण. त्या दिवशी परत येण्याची लाज नसते व कोणी पाहील ही भीतीही नसते. उरते ते केवळ आपले शील. आमचे त्या संध्याकाळी कमी पडले. आता एवढेच हाती आहे, की ज्या ज्या दारातून आम्ही बाहेर पडू, ते मागून येणाऱ्यासाठी नीट लावून जावे.