आईच्या हातची करंजी



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या भूम परिसरात नाताळची चाहूल दोन गोष्टींनी लागते. एक म्हणजे वेदीजवळ पेटणारी पहिली मेणबत्ती आणि दुसरी म्हणजे घराघरांत निघणारा खव्याचा विषय. आपला तालुका खव्याचा. कुंथलगिरीला दर्शनासाठी आलेले जैन भाविक पेढा घेतल्याशिवाय परतत नाहीत. 2024 साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ज्यांनी भट्टी पाहिली आहे, त्यांना या गोडाची किंमत ठाऊक आहे. दूध सतत हलवत राहावे लागते, हात थांबला की ते खाली लागते. पाचेक लिटर दूध आटते तेव्हा कुठे जेमतेम किलोभर खवा पडतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला खोबऱ्याची नेवरी होते, तशी आपल्याकडे खव्याची करंजी.

या करंजीवरूनच एका घरात वाद झाला आणि तो आमच्यापर्यंत आला. त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावे न सांगता, तो येथे मांडत आहोत. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

त्या घरातली आई पावसाळ्यात देवाघरी गेली. नाताळ जवळ आला तशी धाकटी मुलगी म्हणाली, "आईची करंजी यंदा मी करणार." थोरला भाऊ म्हणाला, "घरात दुःख आहे. वर्षाच्या आत कढई चढवायची नाही." ती म्हणाली, "दादा, आईची आठवण म्हणूनच करायची आहे ना?" तो म्हणाला, "आठवण काढायला तळण कशाला लागतं?" बोलण्याने बोलणे वाढले आणि दोघांनी आठवडाभर अबोला धरला.

आम्हांला विचारले तेव्हा आम्ही पटकन उत्तर दिले, "करा की, त्यात पाप काही नाही." त्यावर दादा शांतपणे म्हणाले, "पाप नाही हे मलाही कळतं, फादर. मी विचारतोय ते वेगळं. ती नसताना तोंड गोड कसं करायचं?" आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती, पण उत्तर तयार नव्हते. म्हणून आज सावकाश विचार करू या.

आधी दादांची बाजू पाहू. शोकाच्या घरात पहिल्या सणाला तळण करायचे नाही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, भावकीने फराळाचे ताट आणून द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्या रीतीला एवढेच सांगायचे असते की या घरातले एक माणूस गेले आहे आणि जग कालच्यासारखे चालू आहे असे आम्ही भासवणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. दीड महिन्यावर दिवाळी होती. त्या गावांतल्या माणसांना "सण आहे, करंज्या करा" असे कोण म्हणू शकले असते? आपला प्रभूसुद्धा लाजरसच्या कबरीपाशी रडला. त्याला पुन्हा उठवणार हे ठाऊक असूनही रडला. पुनरुत्थानावरची श्रद्धा आपले अश्रू घाईघाईने पुसून टाकत नाही.

आता ताईंची बाजू. डेन्मार्कचा ख्रिस्ती तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्ड याने 1847 साली प्रीतीच्या कृत्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मृतांची आठवण ठेवण्यावर एक प्रकरण आहे. आपले प्रेम किती खरे आहे हे पाहायचे असेल तर आपण मेलेल्या माणसाशी कसे वागतो ते पाहावे, असा त्याचा मुद्दा आहे. मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही, म्हणून त्याच्यावरचे प्रेम निःस्वार्थ असते. तो आपल्यावर जोर करू शकत नाही, लहान मुलासारखा रडून लक्ष वेधून घेऊ शकत नाही, म्हणून ते प्रेम मोकळे असते. आणि तो बदलत नाही. आपले प्रेम आटले तर दोष त्याच्यावर टाकता येत नाही, बदललो असतो ते आपणच. ताई करंजी करू पाहतात ती अशा आईसाठी, जी आता "छान झाली गं" म्हणणार नाही. हे प्रेम कमी प्रतीचे कसे म्हणावे?

पण येथे एक अडचण आहे. करंजी नेमकी कोणासाठी? आई तर खाणार नाही. मग ती आईसाठी की आपल्या मनाच्या समाधानासाठी?

हा प्रश्न फार जुना आहे. संत मोनिका आपल्या मुलाच्या, संत ऑगस्टीनच्या मागोमाग आफ्रिकेतून इटलीत मिलानला आली, ती इ.स. 385 च्या सुमारास. गावाकडे तिची रीत अशी की संतांच्या स्मृतिस्थानी टोपलीत लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जायचे. मिलानला ती तशीच गेली, तर दारावरच्या माणसाने तिला अडवले. महागुरू संत अ‍ॅम्ब्रोज यांनी ती रीत बंद केली होती, कारण काही जण त्या निमित्ताने दारू पीत होते आणि मृतांना जेवण देण्याच्या रोमन लोकांच्या प्रथेशी तिचे फार साम्य होते. मोनिकेने वाद घातला नाही. ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात सांगतो की ती तेव्हापासून टोपलीऐवजी प्रार्थनांनी भरलेले हृदय घेऊन जाऊ लागली आणि देता येईल ते गोरगरिबांना देऊ लागली.

या प्रसंगातून आम्हांला वाट दिसते. मृतांना अन्नाची गरज नाही. त्यांना आपल्या प्रार्थनेची गरज आहे, म्हणूनच ख्रिस्तसभा 2 नोव्हेंबरला सर्व मृत विश्वासीयांची आठवण करते आणि वर्षभर त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करते. म्हणून आईच्या फोटोपुढे करंजीचे ताट ठेवून ती खाईल असे आपण मानत नाही. आपले शेजारी पितृपंधरवड्यात पान वाढतात. त्यांच्या त्या कृतीत आईबापांविषयीचा आदर आहे, त्याला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण आपली श्रद्धा आपल्याला ते ताट उचलून जिवंत माणसाकडे न्यायला सांगते. मोनिकेची टोपली रिकामी राहिली नाही, फक्त तिची दिशा बदलली.

मग विचाराल, नुसती प्रार्थना पुरे नाही का, करंजीची गरजच काय? याचे उत्तर आपण दर रविवारी वेदीसमोर पाहतो. प्रभूने आपली आठवण मागे ठेवली ती चित्रात नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ग्रंथातही नव्हे. त्याने भाकर घेतली, मोडली, वाटली आणि शिष्यांनाही तसेच करायला सांगितले. मिस्साबलिदान आणि स्वयंपाकघर यांची बरोबरी आम्ही करत नाही; मिस्सामध्ये तो स्वतः उपस्थित असतो. पण माणूस हातांनी आठवण ठेवतो हे प्रभूला ठाऊक होते, एवढे त्यावरून नक्की दिसते. पुढे इ.स. 387 मध्ये ओस्तिया येथे मरणशय्येवर असताना मोनिकेने मुलांना सांगितले की देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा.

आता हातांची गोष्ट. ताईंनी सांगितले की आईने कधी माप लिहून ठेवले नव्हते. रवा किती, मोहन किती, सगळे मुठीने आणि नजरेने. कातणे न वापरता ती बोटांनी मुरड घालायची. ताईंच्या करंज्या तळताना फुटतात आणि मग त्या रडतात. ॲरिस्टॉटल म्हणतो की घर बांधून बांधूनच माणूस गवंडी होतो, तसेच न्यायाची कृत्ये करून करून न्यायी होतो. आईची मुरडही अशीच वर्षानुवर्षांनी आली. पण तिच्या अंगवळणी आणखी एक गोष्ट होती. पहिल्या घाण्यातल्या करंज्या ती घरात कोणाला देत नसे. त्या डब्यात भरून गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे जात. हे दोन्ही भावंडांना आठवत होते. आम्ही एवढेच विचारले, "आईची खरी करंजी कोणती? मुरडीची की त्या डब्यातली?" मुरड जमायला कदाचित दहा वर्षे लागतील. डबा मात्र यंदाच नेता येईल.

येथे आमच्याविषयी एक कबुली देणे भाग आहे. आम्ही सेमिनरीत असताना आमची आई नाताळला कोणाच्या तरी हाती करंज्यांचा डबा पाठवीत असे. एका वर्षी आम्ही तिला सहज म्हणालो, "कशाला त्रास घेतेस, आता बाजारात सगळं मिळतं." तिच्या काळजीपोटी बोललो, असे तेव्हा वाटले. पुढच्या वर्षी डबा आला नाही. तिने विषयही काढला नाही. आज ती नाही, आणि बाजारात अजूनही सगळे मिळते. म्हणून ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांना आम्ही हात जोडून सांगतो: आलेला डबा उघडा, त्यांच्यासमोर खा, आणि कृती विचारून घ्या. मेल्यानंतरची मोठी आठवण जिवंतपणीच्या दुर्लक्षाची भरपाई करू शकत नाही.

तर मग करावी की करू नये? संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्याच्या वादावर सांगितले आहे की जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि जो खात नाही त्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, कारण दोघेही प्रभूसाठीच तसे करतात. शोकालाही हेच लागू आहे असे आम्हांला वाटते. ताई करंजी करतात ती प्रेमाने, दादा खात नाहीत तेही प्रेमाने. एकाच आईसाठी दोघांचे मन दोन वाटांनी चालले आहे. चूक होते ती दुसऱ्याच्या दुःखाला आपले माप लावण्यात. आईच्या नावाने भावंडांनी अबोला धरावा, हे मात्र कोणत्याही आईला आवडले नसते.

दादांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, हो-नाही काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी ताईंचा निरोप आला. सकाळी ओट्यावर भट्टीवरचा दीड किलो खवा ठेवलेला होता. दादा म्हणाले, "मी यंदा खाणार नाही. पण डबा मी पोहोचवतो."

प्रिय बंधुभगिनींनो, या नाताळात दोन गोष्टी करू या. आपल्या दिवंगत आईवडिलांचे नाव मिस्सासाठी नोंदवा. आणि ज्या घरात या वर्षी कोणी गेले आहे, ज्या घरात यंदा कढई चढणार नाही, त्या घरी एक ताट न्या, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. ताट देऊन लगेच परतू नका. थोडे बसा आणि गेलेल्या माणसाविषयी विचारा. त्यांना सांगायचे असते, पण विचारणारे कोणी नसते.

आपले सर्व दिवंगत मायबाप प्रभूच्या शांतीत विसावा घेवोत आणि त्यांच्या हातचा चांगुलपणा आपल्या हातांत उतरो. आमेन.