उपहास आणि उपासना

धर्मविधीची थट्टा करणारे चित्र दिसले की श्रद्धावंताचे मन दुखावते. ते स्वाभाविकच आहे. परंतु दुखावली ती आपली श्रद्धा की आपला अभिमान, हे आम्ही सहसा स्वतःला विचारीत नाही. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याची मुद्राचित्रे पाहताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

१७९९ साली माद्रिदमध्ये त्याने ‘लॉस काप्रिचोस’ हा ८० चित्रांचा संच विक्रीस काढला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, तो सुईने ओरखडावयाचा आणि उघडे पडलेले तांबे आम्लाकडून कोरून घ्यावयाचे, अशी ही कला. २३व्या चित्रात धर्मन्यायासनापुढे एक दोषी मान खाली घालून बसला आहे. २४व्यात एका स्त्रीची गाढवावरून धिंड निघाली आहे. या दोघांना गोया हसत नाही. त्याचे आम्ल झोंबते ते धर्माच्या नावाने तमाशा पाहणाऱ्या गर्दीला.

५२व्या चित्रापाशी मात्र आम्ही अडखळतो. एक स्त्री गुडघे टेकून, हात जोडून बसली आहे. समोर आहे ते संन्याशाचा झगा चढवलेले झाड! शिंप्याची किमया, असे मथळा सुचवितो. त्या बाईची भक्ती खोटी आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. परमेश्वर अंतःकरण पाहतो. भोळ्या माणसाला हसणे सोपे असते. झाडाला झगा कोणी चढविला, हे विचारणे अवघड.

गोया धर्मद्वेष्टा होता, असे म्हणून सुटका होत नाही. १७९८ साली त्यानेच माद्रिदमधील संत अंतोनीच्या मंदिरात भित्तिचित्रे रंगविली आणि १८१९ साली संत जोसेफ कालासांझ यांच्या अखेरच्या कम्युनियनचे भावपूर्ण चित्र काढले. शिवाय ढोंगाचा उपहास ख्रिस्तसभेला परका नाही. डास गाळून उंट गिळणाऱ्या परुश्यांचे चित्र प्रभू येशूनेच शब्दांत रेखाटले आहे.

असे धर्मन्यायासन १५६० पासून गोव्यातही होते. सत्याच्या सेवेत सुवार्तेला न शोभणारे मार्ग वापरले गेले, याबद्दल १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या उपस्थितीत रोममध्ये क्षमायाचना झाली. चित्रकाराने दोनशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरले, ते वेदीपुढे कबूल झाले.

म्हणून पुढच्या सणाला मिरवणूक, रोषणाई आणि बँडचा खर्च ठरविताना आम्ही क्षणभर थांबावे. कोणी हसण्यापूर्वी आपणच पाहावे: झग्याच्या आत कोण आहे?