न मोजलेल्याचा हिशेब

विश्वातलं बहुतांश सोनं ज्या मार्गाने घडलं, त्या मार्गावरच्या अणुकेंद्रकांनी न्यूट्रॉन किती वेगाने गिळले, हे प्रयोगशाळेत थेट मोजता आलेलं नाही. ही केंद्रकं इतकी न्यूट्रॉनबहुल की कित्येकांचं आयुष्य सेकंदाच्या अंशात संपतं. त्यांचा नमुना समोर ठेवून त्यावर न्यूट्रॉन सोडायला सवडच नसते. उलट न्यूट्रॉनांवर केंद्रकं सोडावीत, तर मोकळा न्यूट्रॉन स्वतःच सरासरी 15 मिनिटांत क्षय पावतो. उरतं ते गणित.

1957 साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर व फ्रेड हॉयल (जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू) यांनी न्यूट्रॉन गिळत जड मूलद्रव्यं घडण्याचे दोन मार्ग मांडले, संथ आणि जलद. संथ मार्गावरची केंद्रकं बहुधा स्थिर किंवा दीर्घायुषी, म्हणून मोजण्याजोगी. खरी कसोटी जलद मार्गाची, म्हणजे सोन्याच्या वाटेची.

न्यूट्रॉन गिळण्याच्या वेगाच्या गणिताचं मूळ नील्स बोर यांच्या 1936 मधल्या कल्पनेत आहे. आत शिरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा साऱ्या केंद्रकात वाटली जाते, आणि तो कसा आला याची खूण उरत नाही. मग प्रश्न एवढाच, की केंद्रक जादा ऊर्जा गामा किरणांतून टाकून न्यूट्रॉन ठेवून घेईल, की त्यालाच परत पाठवेल? या शक्यतांचं, अनेक ऊर्जापातळ्यांवर सरासरी काढणारं सूत्र 1952 साली वॉल्टर हाउजर आणि हर्मन फेशबाख यांनी दिलं. त्यात केंद्रकातल्या ऊर्जापातळ्यांची दाटी आणि गामा उत्सर्जनाचा जोर घालावा लागतो. स्थिर केंद्रकांजवळ उत्तर प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळतं. दूर गेलं, की गृहीतकं बदलताच ते दहापट, कधी शंभरपटही बदलतं. 50, 82, 126 या न्यूट्रॉनसंख्यांपाशी तर पातळ्या इतक्या विरळ, की सरासरी काढण्याचा आधारच डळमळतो.

मला या शास्त्राविषयी आदर वाटतो तो इथे. एकच आकडा छापून मोकळं होणं सोपं होतं. चांगले अभ्यासक गृहीतकं पुन्हा पुन्हा बदलून पाहतात आणि उत्तर किती हललं तेही छापतात. त्यातूनच कळलं, की प्रचंड उष्णतेत न्यूट्रॉन गिळणं आणि त्याची उलट क्रिया तुल्यबळ असेपर्यंत या वेगांनी फारसं बिघडत नाही; न्यूट्रॉन संपत आले, तापमान उतरलं, की मोजक्या केंद्रकांचे वेग अंतिम प्रमाणावर मोठा परिणाम करतात. आपलं अज्ञान नेमकं कुठे महाग पडतं हे कळणं, ही मी मोठी कमाई मानतो. नव्या प्रयोगांनी आधी कुठे हात घालावा, तेही त्यातूनच ठरतं.

17 ऑगस्ट 2017 रोजी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची चाहूल लागली. पुढच्या दिवसांतल्या तिच्या प्रकाशात जलद मार्गाने जड मूलद्रव्यं घडल्याच्या खुणा सापडल्या, आणि पृथ्वीच्या वस्तुमानाच्या कितीपट सोनं तिथे बनलं याच्या बातम्या झळकल्या. असा आकडा पुन्हा वाचाल, तेव्हा त्याच्या शेजारी त्रुटीची मर्यादा दिली आहे का, ते जरूर पाहा.